नाक दाबून तेल

आमच्या पिढीतल्या प्रत्येकानं आयुष्यात एकदा तरी नाक दाबून तेल प्यायलेलं आहे. शाळा सुरू व्हायच्या आधीचा एखादा रविवार, पहाटेची वेळ, अर्धा कप कोरा चहा आणि त्यावर तरंगणारं एरंडेल. मामा पाय धरायचा, आई नाक दाबायची आणि आजी कप उपडा करायची. नाक दाबलं की तोंड उघडतं ही म्हण मी पुस्तकात वाचायच्या आधी घशाखाली घातली होती. त्या दिवशी दुपारपर्यंत भुकेचा विषय घरात निघत नसे. बाकी जे निघायचं, त्यासाठी परसातली वाट सकाळपासून माझ्यासाठी मोकळी ठेवलेली असे.

पन्नास वर्षांनी, वयाच्या साठीत, स्वतःच्या पैशानं आणि कुणीही पाय धरलेले नसताना मी पुन्हा नाक दाबून तेल प्यायलो. त्याची ही हकीकत.

सुरुवात रक्ताच्या रिपोर्टनं झाली. २०२५ चा फेब्रुवारी, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १७२. डॉक्टरांनी आकड्याभोवती लाल पेनानं गोल काढला. शाळेत असा गोल मला गणितात मिळायचा, त्यामुळे चेहरा आपोआप तसाच झाला. "तेल कमी करा, चाला, तीन महिन्यांनी बघू," डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातून घरी यायला रिक्षानं सात मिनिटं लागतात. (चालणं दुसऱ्या दिवसापासून सुरू करायचं होतं.) एवढ्या सात मिनिटांत 'तेल कमी करा'चं 'तेल बदला' कसं झालं, मला सांगता येणार नाही. पण जिन्यात भेटलेल्या पहिल्याच शेजाऱ्याला मी "डॉक्टरांनी तेल बदलायला सांगितलंय" असंच सांगितलं.

मराठी माणसाला 'तेल कमी कर' म्हटलं तर तो ऐकू न आल्यासारखं करतो. 'कुठलं तेल चांगलं हो?' असं विचारलं, तर आजारी असला तरी उठून बसतो. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडं आहेत आणि रात्री नऊच्या आत मला नऊ तेलं सुचवून झाली. पहिल्या मजल्यावर करडईवाले. त्यांच्या समोर मालवणच्या काकू. त्यांच्या आजोबांनी खोबरेलाशिवाय दुसरं तेल पाहिलं नाही आणि ते ब्याण्णव वर्षं जगले. आजोबा रोज माडावर चढत, हे काकू ओघात सांगून जातात, पण श्रेय खोबरेलालाच देतात. एकांनी राईस ब्रान आणायला सांगितलं, म्हणजे तांदळाच्या कोंड्याचं तेल. कोंड्याचा मांडा करायची आपली परंपरा आहे, पण त्याचं तेल काढून त्यात मांडे तळायची कल्पना पूर्वजांनाही सुचली नव्हती.

तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीतल्या मुलानं लाकडी घाण्याची शिफारस केली. तो दर शनिवारी घाण्यावर जातो आणि डोळ्यांसमोर तेल काढून घेतो. मी एकदा बरोबर गेलो. बैल नाही, मोटर आहे. पण कुणीतरी गोल गोल फिरल्याशिवाय घाण्याला शोभा नाही, म्हणून ते काम आता गिऱ्हाइकं करतात. हातात रिकामी किटली घेऊन, मोबाइलवर फोटो काढत, घाण्याभोवती.

आठवड्यात आमच्या ओट्यावर सात बाटल्या झाल्या. बायको म्हणाली, "औषधांचं दुकान काढलंत की तेलाचं?" मी म्हटलं, "अगं, आता या दोन्हींत फरक राहिलेला नाही."

खरं तर मी बार्शीचा. आमच्याकडे तेल हा विचार करायचा पदार्थ नव्हता. पंधरा किलोचा पत्र्याचा डबा घरात यायचा, त्यातलं तेल पळीनं बरणीत, बरणीतून चोचीच्या कावळ्यात आणि कावळ्यातून कढईत जायचं. रिकाम्या डब्यात पुढे तुळस लावत किंवा बंबासाठी कोळसे ठेवत. शेंगदाण्याच्या चटणीत मध्ये बोटानं आळं करायचं, त्यात तेल ओतायचं आणि कडक भाकरीचा तुकडा बुडवायचा. ते तेल शेंगदाण्याचंच, म्हणजे शेंगदाण्यावर शेंगदाणा. यातून शरीरात काय जातं, असं कुणी विचारलं असतं तर आईनं "भाकरी" असं उत्तर दिलं असतं.

मग पिवळ्या डब्यावरचं हिरवं ताडाचं झाड आलं. डालडा हिंदुस्थानात १९३७ सालीच आलेला होता, पण आमच्या घरात सणावारानं शिरला. पातळ तेलात हायड्रोजन सोडायचा, ते गोठतं, रवाळ दिसतं, आणि मग त्याला तूप म्हणायचं. वनस्पती तूप. गाईला कळू न देता केलेलं. आम्ही त्यात चिरोटे तळून खाल्ले आणि डब्यात पेन्सिली ठेवल्या. पुढे कळलं की या गोठवण्यात ट्रान्स फॅट नावाचा जो ऐवज तयार होतो, तो रक्तवाहिन्यांचा उघड शत्रू आहे. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेल-वनस्पतीत त्याला दोन टक्क्यांची मर्यादा आहे. चिरोटे तोवर पचून चाळीस वर्षं झाली होती.

ऐंशीच्या दशकात दिवाळीला रेशनवर पामतेल मिळे. थंडीत ते डब्यातच गोठून बसायचं आणि शंकरपाळे करायच्या दिवशी डब्याला आधी उन्हात बसवावं लागायचं. मग रिफाइंड आलं: रंग नाही, वास नाही, बोलायला काही जागाच नाही. त्यापाठोपाठ हृदय आलं, म्हणजे तेलाच्या पिशवीवर छापलेलं. त्याआधी हृदय पेशंटकडे असे.

आणि पिशवीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'कोलेस्टेरॉलमुक्त'. हे वाचून मी कितीतरी वर्षं निर्धास्त भजी खाल्ली. आता कळलं की कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या अन्नात असतं: अंड्यात, मटणात, लोण्या-तुपात. वनस्पतीच्या तेलात ते नावालाही नसतं म्हटलं तरी चालेल, कुठल्याच कंपनीच्या. म्हणजे दोडक्यावर 'यात हाडं नाहीत' अशी चिठ्ठी लावण्यातला प्रकार. शिवाय आपल्या शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच बनवतं. कारखाना घरातच, आणि आपण झडती घेतोय किराणा दुकानाची.

या सगळ्याचं मूळ सशात आहे. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्या चोंदल्या. कोलेस्टेरॉल विरघळवायला त्यांनी काय वापरलं होतं? सूर्यफुलाचं तेल! जन्मात अंड्याचं तोंड न पाहिलेला, गाजर-गवतावर वाढलेला तो ससा. मला त्याच्याबद्दल फार वाटतं. श्रावण पाळणाऱ्या माणसाला कुणी फसवून ऑम्लेट भरवावं, तसं झालं त्याचं.

पण करडईची गोष्ट त्याहून चटका लावणारी आहे, आणि ती मी पहिल्या मजल्यावर अजून सांगितलेली नाही. करडईनं रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं हे खरंच आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीला १९६६ ते १९७३ या काळात, नुकताच हृदयविकाराचा झटका वगैरे येऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना नेहमीच्या चरबीऐवजी करडईचं तेल आणि करडईचंच मार्जरिन दिलं. कोलेस्टेरॉल उतरलं. माणसं मात्र करडईच्या गटात जास्त दगावली. जुन्या नोंदी उकरून पूर्ण हिशेब छापला तो २०१३ साली. त्यावर तज्ज्ञ अजून भांडतात. कुणी त्या काळच्या मार्जरिनवर ठपका ठेवतं, कुणी म्हणतं एवढ्याशा लोकांवरून निष्कर्ष काढू नका, आणि बाकीच्या कितीतरी अभ्यासांत तुपा-लोण्याऐवजी असली तेलं खाणाऱ्यांचं बरंच चाललेलं दिसतं. मला एवढंच कळलं की रिपोर्टातला आकडा आणि रिपोर्टाचा मालक हे दोघे वेगवेगळे असतात. आकडा बरा झाला म्हणून मालक बरा होईलच असं नाही.

अशा मनःस्थितीत सॅन होजेहून भाच्याचा फोन आला.

"मामा, तू तेल खाऊ नकोस," तो म्हणाला. "पी."

त्यानं सांगितलेली गोष्ट अशी. सेथ रॉबर्ट्स नावाचे प्राध्यापक बर्कलेला मानसशास्त्र शिकवत. २००० साली ते पॅरिसला गेले आणि तिथे त्यांची भूक गेली. पॅरिसला जाऊन भूक जाणं म्हणजे कोल्हापूरला जाऊन रस्सा नको म्हणणं. दुसऱ्या कुणी डॉक्टर गाठला असता. हे विचार करत बसले. त्यांच्या लक्षात आलं की तिथे आपण अनोळखी चवीची गोड पेयं प्यायलो. त्यावरून त्यांनी सिद्धांत बांधला: शरीर वजनाचा एक आकडा मनात धरून बसतं. ओळखीच्या, आवडीच्या चवीबरोबर उष्मांक आले की त्याला वाटतं सुगी आहे, भरा कणग्या. उष्मांक आले पण चव आलीच नाही, तर त्याला वाटतं दिवस बरे नाहीत, आहे त्यात भागवा. आणि ते भूक आवरतं घेतं. आधी रॉबर्ट्स साखरपाणी प्यायले आणि सोळा किलोच्या आसपास उतरले. मग तेलावर आले. बिनचवीचं तेल, रोज एक-दोन मोठे चमचे, आणि त्याच्या आधी तासभर व नंतर तासभर पाण्याशिवाय तोंडात काही नाही. टूथपेस्टसुद्धा नाही. २००६ साली त्यांचं 'द शांग्री-ला डाएट' हे पुस्तक आलं. वास येऊ नये म्हणून नाक बंद ठेवायचं, ही त्या डाएटमधलीच तोड.

बायको हे सगळं ऐकत होती. "तेल पिऊन भूक मरते, हे सांगायला अमेरिका कशाला?" ती म्हणाली. "तुमच्या साडूंनी पंचकर्मात काय केलं? सकाळी नुसतं औषधी तूप प्यायले आणि भूक लागेपर्यंत जेवायचं नाही म्हणून बसले. संध्याकाळचे पाच वाजले होते." खरं आहे. आयुर्वेदात त्याला अच्छपान म्हणतात, म्हणजे कशातही न मिसळता प्यायलेला स्नेह. त्या दिवशी साडूंच्या पोटात स्नेह होता, माणसांबद्दल मात्र नव्हता. आणि शास्त्रही एवढं मान्य करतं की लहान आतड्यात चरबी पोचली की तिथून काही संप्रेरकं सुटतात, जठराची घाई कमी होते आणि पोट भरल्याचा निरोप डोक्याला जातो. पंगतीत पहिल्यांदा वरण-भातावर तुपाची धार का धरतात, याबद्दल मला आता संशय आहे. जिलबी मागून येणार असते आणि यजमानाला हिशेब असतो.

मी एक्स्ट्रा लाइट ऑलिव्ह तेलाची बाटली आणली. बाटलीवरचं 'लाइट' हे रंगाबद्दल आणि चवीबद्दल असतं, हे त्या दुकानातल्या मुलालाही माहीत नव्हतं. तो मला कमी उष्मांकाचं तेल म्हणूनच विकत होता. तेल कुठलंही घ्या, ग्रॅमला नऊ उष्मांक. बार्शीच्या घाण्यावरचं असो की स्पेनमधलं, त्या बाबतीत तेलं अगदी समाजवादी आहेत.

तेल मिळालं, पण दोन तास मिळेनात. मराठी घरात सलग दोन तास तोंडाला चव नाही, अशी वेळ नसते. सहाला चहा, आठला पोहे, दहाला पुन्हा चहा. साडेअकराला कुणीतरी सत्यनारायणाचा प्रसाद आणून देतं आणि प्रसादाला नाही म्हणता येत नाही. एकला जेवण, मग बडीशेप, मग बडीशेपेचा दातात अडकलेला दाणा, जो तीनपर्यंत पुरतो. चारला चहा, त्याबरोबर डब्यात तळाशी राहिलेला चिवडा, 'संपवून टाका हो' म्हणून. शेवटी बडीशेप बंद करून आणि चारचा चहा साडेचारला ढकलून मी अडीच ते साडेचार ही वेळ ठरवली. साडेतीनला तेल.

नाकासाठी कपडे वाळत घालायचा चिमटा घेतला. निळा. पहिल्या दिवशी चिमटा लावून चमचा तोंडाशी नेला आणि फोन वाजला. कर्ज हवंय का, असं विचारणारी मुलगी होती. मी नाकातूनच "नको" म्हणालो. तिनं "काका, तब्येत सांभाळा" म्हणून फोन ठेवला. कर्जवाल्यांनी स्वतःहून फोन ठेवल्याची आयुष्यातली ही एकच घटना.

तेल प्यायला काही वाटत नाही. खरंच नाही. एरंडेलापुढे तर ते सरबत. पण मन आजीच्या कपाकडे जातंच, आणि पहिले दोन दिवस मी उगाच परसाकडच्या वाटेची चौकशी करत होतो. तिसऱ्या दिवसापासून रात्री दोन पोळ्या कमी झाल्या. भूक मेली की धास्तीनं दबून बसली, हे ठरवणं अवघड. दहा दिवसांत वजन आठशे ग्रॅम उतरलं. मी भाच्याला काटा दाखवणारा फोटो पाठवला.

अकराव्या दिवशी बरोबर साडेचारला चिमटा काढला आणि त्याच क्षणी समोरच्या बिऱ्हाडात कांदाभजीचा पहिला घाणा कढईत पडला. प्राध्यापकांनी सगळा विचार केला होता, फक्त समोरच्या दाराचा केला नव्हता. भूक पोटात लागते हे शास्त्र झालं; डोंबिवलीत ती जिन्यात लागते. तिथल्या काकूंनी बशी दिली. मी घेतली. उतरलेले आठशे ग्रॅम त्या आठवड्यात एकेक करून घरी परतले, सहलीला गेलेली मुलं परततात तसे, थोडी जास्तच दमदार होऊन.

एकट्या माणसानं स्वतःवर केलेला प्रयोग, मोठी चाचणी कधी झालेली नाही, हे बायकोनं नंतर वाचून काढलं. तिनंच हेही वाचलं की रॉबर्ट्स २०१४ साली बर्कलेजवळच्या टेकड्यांवर फिरायला गेले असताना अचानक वारले. "साठ वर्षांचे होते," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता बाटली कपाटात वरच्या फळीवर ठेवली. त्या दिवशी आम्ही दोघांनी त्यावर विनोद केला नाही.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन बसली. तिची किराण्याची वही म्हणजे आमच्या घराचं महालेखापाल कार्यालय. "आपल्याकडे महिन्याला तीन लिटर तेल लागतं. सातही बाटल्यांचं मिळून." तिनं गुणाकार-भागाकार केले. दोघांचं मिळून दिवसाला नव्वद ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१० सालच्या पत्रकात बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २५ ग्रॅम आणि बाईला २० ग्रॅम म्हटलंय, तेही तूप-लोणी धरून. म्हणजे दोघांचे ४५. "अगदी दुप्पट आहे," ती म्हणाली. "अहो, तुम्ही बाटल्या बदलल्यात. पळी तीच आहे."

यावर मी काही बोललो नाही. पंतप्रधानांनीही त्याच फेब्रुवारीत 'मन की बात'मधून तेल दहा टक्के कमी वापरायला सांगितलं होतं. रविवार होता आणि ते आम्ही बटाटेवडे खाता खाता ऐकलं होतं. मी तेव्हा मान हलवल्याचंही बायकोला आठवतं.

तीन महिन्यांनी एलडीएल १६१. डॉक्टरांनी गोल काढला नाही, सरळ चिठ्ठी लिहिली. रात्रीची एक गोळी. घरी येऊन मी तिची वंशावळ काढली. या गोळ्यांचा मूळपुरुष बुरशीतून आला. जपानमधले अकिरा एंडो कोलेस्टेरॉल रोखणारं द्रव्य शोधत होते. त्यांनी सहा हजारांच्या आसपास बुरश्या तपासल्या आणि १९७३ साली तांदळावर आलेल्या एका निळ्या-हिरव्या बुरशीत त्यांना ते सापडलं. ते यकृतातल्या कारखान्याचंच चाक अडवतं.

"बुरशी?" बायको ओट्याशी कैऱ्या फोडत होती. "मी जन्मभर लोणच्यावर बोटभर तेल ठेवत आले, बुरशी लागू नये म्हणून. आणि आता तेलानं बिघडलं म्हणून तुम्हाला बुरशी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. गोळी मात्र घेतो. चालायलाही जातो, घाण्याच्या विरुद्ध दिशेला.

मे अखेरीस भाचा आला. दहा दिवस राहिला, रोज दुपारी लोणच्याचा खार भाताला लावून खाल्ला आणि जायच्या आदल्या रात्री म्हणाला, "मामी, एक बरणी दे ना." बरणी भरली, पण वर तेल कमी पडलं. घरातलं शेंगदाणा तेल संपलं होतं. नव्या हिशेबानं महिन्याला दीड लिटरच येतं. बायकोनं स्टूल घेतलं, वरच्या फळीवरून ऑलिव्हची बाटली काढली आणि उरलेलं सगळं तेल बरणीत ओतलं. बोटभर वर आलं.

"मामी, हे माझं डाएटचं तेल!" भाचा म्हणाला.

"मग तुझ्याबरोबरच ने."

बरणीचं झाकण घट्ट केलं, वर एक प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. विमानात सांडलं तर सगळे कपडे पिवळे होतील म्हणून बायको दोरा शोधत होती. दोरा सापडेना. मी बाल्कनीतून निळा चिमटा आणला, पिशवीचं तोंड पिळून धरलं आणि लावून दिला.